मोडलेलं विमान आणि थोरला भाऊ

१८७८ साली अमेरिकेतल्या एका बिशपने दौऱ्यावरून येताना पोरांसाठी खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि पिळलेलं रबर, एवढाच ऐवज. हातातून सोडलं की भिरभिरत थेट छताकडे! मूळ कल्पना अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाची. थोरला विल्बर तेव्हा ११ वर्षांचा, धाकटा ऑर्विल ७ वर्षांचा.

खेळणं मोडलं. राइट बंधूंनी तसंच दुसरं केलं, मग त्याहून मोठं. पण मोठं करावं तसं ते उडेचना. लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, हे गणित त्या वयात कुठून कळणार? हिरमुसून दोघं पतंगांकडे वळले.

पुढची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. दोघांपैकी कुणीही कॉलेजात गेलं नाही. डेटनला सायकलचं दुकान चालवत त्यांनी विमान बनवलं. पहिलं कोण उडणार हे नाणं उडवून ठरलं आणि विल्बर जिंकला. पण त्याचा प्रयत्न फसला. तीन दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ला, पाळी ऑर्विलची होती. १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला. मग वाऱ्याचा झोत आला आणि उभं असलेलं विमान कोलांट्या खात मोडलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही. तुकडे खोक्यांत भरून डेटनला आले.

इथपर्यंतचा ऑर्विल सगळ्यांना माहीत असतो. मला त्याचं पुढचं आयुष्य जास्त मोठं वाटतं.

१९१२मध्ये विल्बर टायफॉइडने गेला, अवघ्या ४५व्या वर्षी. पुढच्याच वर्षी डेटनला महापूर आला आणि ती खोकी कित्येक दिवस गाळात बुडून राहिली. १९१६मध्ये एमआयटीने विमान प्रदर्शनासाठी मागितलं, तेव्हा ऑर्विलने खोकी उघडली. एकेक काडी पुसली, मोडकी बदलली, इंजिनाचे हरवलेले भाग नंतरच्या इंजिनातून घेतले. दहा वर्षांनी पंखांवर नवं कापड चढवलं. कापड कसलं, तर साधं सुती! कापूस पिकवणाऱ्या जालन्याने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

दरम्यान वेगळीच दुरुस्ती दुसरीकडे झाली होती. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँगली यांचं विमान १९०३मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. १९१४मध्ये संस्थेने ते ग्लेन कर्टिसकडे दिलं. कर्टिसची राइट बंधूंशी पेटंटवरून कोर्टबाजी चालू! त्याने पंख, आधार, बरंच काही बदललं आणि पाण्यावरून छोट्या उड्या मारून दाखवल्या. मग विमान पुन्हा जुन्या रूपात आणलं गेलं आणि संग्रहालयात पाटी लागली: माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान हेच.

ऑर्विल चिडला, आणि का चिडू नये? दोन्ही विमानांची डागडुजीच झाली होती. पण एकाने काय बदललं ते मान्य केलं, दुसऱ्याने झाकलं. आपल्याकडेही शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचं अभिमानाने सांगितलं जातं. त्याचा फोटो किंवा मोजमाप मात्र कुणी पुढे ठेवत नाही. राइट बंधूंकडे फोटो होते, वह्या होत्या, तरीही ऑर्विलला इतकं झगडावं लागलं.

१९२८मध्ये त्याने विमान थेट लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवलं. देशातले लोक नाराज झाले, तरी हा गडी हलला नाही. लाजराबुजरा माणूस, भाषण म्हटलं की अंग चोरणारा. पण या बाबतीत हटवादी. भाऊ उत्तर द्यायला नव्हता, म्हणून दोघांच्या वाटचं तोच भांडत होता. अखेर १९४२मध्ये स्मिथसोनियनने केलेल्या बदलांची यादी छापून चूक कबूल केली. ऑर्विलने विमान परत आणायला होकार दिला, पण तोवर महायुद्ध पेटलं होतं.

३० जानेवारी १९४८ला ऑर्विल गेला. विमान त्याच वर्षी मायदेशी आलं आणि १७ डिसेंबरला, पहिल्या उड्डाणाला बरोबर ४५ वर्षं झाली त्या दिवशी, स्मिथसोनियनमध्ये लोकांसाठी टांगलं गेलं. राइट कुटुंबाकडून संस्थेने ते अवघ्या १ डॉलरला घेतलं. करारात एक अट आहे: याआधी दुसरं कुठलं विमान माणसाला घेऊन नियंत्रितपणे उडू शकत होतं असं संस्थेने जाहीर केलं, तर विमान वारसांना परत.