शाहीर अमर शेख

मुलांनो, बारामतीहून इंदापूरकडे जाताना वाटेत भवानीनगर लागते. तेथे साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगार दूरदूरच्या गावांहून येतात. उसाच्या गाडीवर बसलेला एखादा मुलगा दिसला की आपण मनाशी ठरवून टाकतो, की याला काही येत नसेल. आपण त्याच्याशी एक शब्दही बोललेलो नसतो.

माणसाचे नाव ऐकूनही आपण असेच काहीतरी ठरवतो. आता हे नाव ऐका : मेहबूब हुसेन पटेल. सांगा बरे, हा माणूस कोणत्या भाषेत गाणी म्हणत असेल? तुमचे उत्तर मनात ठेवा आणि पुढे वाचा.

मेहबूब यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. घरची फार गरिबी होती. त्यांच्या आईचे नाव मुनेरबी. मुनेरबींना मराठी लोकगीते येत असत. आईच्या तोंडची ही गाणी ऐकतच मेहबूब मोठे झाले. त्यांना फारसे शिकता आले नाही. पोटासाठी त्यांनी मोटारगाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीतही काम केले. लहान वयातच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि तुरुंगातही गेले.

पुढे हेच मेहबूब ‘शाहीर अमर शेख’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचा आवाज पहाडी होता. हातात डफ घेऊन ते गाऊ लागले की हजारोंची सभा तल्लीन होऊन जाई. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर हे त्यांचे सोबती. तिघांनी मिळून कामगारांची सुखदुःखे गाण्यांतून मांडली. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली. तेव्हा अमर शेख गावोगावी फिरले आणि लोकांना जागे केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या यशात या शाहिराचा मोठा वाटा होता. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे मराठी कवितासंग्रह आहेत.

तुमचे उत्तर चुकले का? वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळांचे चुकते. खरे तर ही गोष्ट नवी नाही. पेशवाईच्या काळातील नावाजलेले शाहीर सगनभाऊ मूळचे जेजुरीचे. तेही मुसलमान होते. मराठी लावणी त्यांच्या नावाशिवाय पुरी होत नाही.

अमर शेख यांचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. गावोगावी फिरणाऱ्या या शाहिराचा प्रवास आपल्याच भागात संपला.

मुलांनो, आपण दुसऱ्यांविषयी चुकीचे अंदाज बांधतो, तसे स्वतःविषयीही बांधतो. मराठी आपली नाही, ती परीक्षेपुरती, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण जरा आठवून पाहा. घरी उर्दू बोलणारी तुमची अम्मी मंडईत भाव कोणत्या भाषेत करते? शेजारच्या काकूंशी ती कोणत्या भाषेत बोलते? मुनेरबींच्या मुलाने मराठी कोणाकडून उसनी घेतली नव्हती. ती त्याला आईकडूनच मिळाली होती.

तुमचे नाव ऐकून कोणी तुमच्याविषयी भलतेच ठरवले, तर तुम्हांला वाईट वाटते. मग उसाच्या गाडीवरच्या त्या मुलाला काय वाटत असेल? पुढच्या हंगामात तो दिसला, तर त्याचे नाव विचारा. त्याची आई कोणती गाणी म्हणते, तेही विचारा.