जोसेफ लिस्टर

जोसेफ लिस्टर यांचा जन्म १८२७ साली इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी शस्त्रक्रिया चांगली होई, पण पुढे जखमेत पू होऊन रोगी दगावत असे. रक्ताने माखलेला जुना कोट घालण्यात डॉक्टरांना भूषण वाटे!

लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक होते. पदार्थ सूक्ष्म जंतूंमुळे सडतात, हे लुई पाश्चर यांचे संशोधन त्यांनी वाचले. जखमेतील जंतूच मारले तर? १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स नावाचा अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला. गाडीच्या चाकाखाली सापडून त्याचे हाड मोडले होते. जखमही झाली होती. अशा वेळी पुष्कळदा पाय कापावा लागे. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड जुळून आले, पाय वाचला. तरीही अनेक डॉक्टरांनी जंतूंची गोष्ट हसण्यावारी नेली.

कार्बोलिकने कातडी मात्र भाजत असे. म्हणून लिस्टर यांनी त्याऐवजी थायमॉल व निलगिरीचे तेल वापरून पाहिले. थायमॉल आपल्या ओव्यात, म्हणजे अजवाइनमध्येही असते. ओवा चोळून पाहा. तो उग्र वास त्याचाच!

१९१२ साली लिस्टर वारले. वनस्पती की रसायन, असा हा प्रश्न पुढे राहिला नाही. क्लोरहेक्सिडिन या रसायनाने शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा स्वच्छ करतात. त्यात निलगिरीचे तेल मिसळले, तर दोन्ही थोडे थोडे घेऊनही त्वचेवरील एका जातीचे जंतू मरतात, असे २००८ साली इंग्लंडमधील संशोधकांना प्रयोगशाळेत आढळले.