नगराचे कारभारी : सर फिरोजशहा मेहता

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर महानगरपालिकेची उंच घुमटाची दगडी इमारत उभी आहे. तिच्या पुढ्यात एका पुरुषाचा पुतळा आहे. हा पुतळा कोणा राजाचा नाही आणि सेनापतीचाही नाही. नगराचा कारभार नगरवासीयांच्या संमतीने चालावा, यासाठी आयुष्यभर झटलेल्या एका नागरिकाचा तो पुतळा आहे. त्या थोर नागरिकाचे नाव सर फिरोजशहा मेहता.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते पदवीधर झाले आणि पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथे त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. देशसेवेचे पहिले धडे त्यांनी दादाभाईंच्या सान्निध्यातच घेतले. लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी सार्वजनिक कारभार कसा चालवतात, हेही त्यांना त्या देशात पाहावयास मिळाले. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले.

त्या वेळची मुंबई वैभवाच्या मागे धावणारी, परंतु आरोग्याच्या दृष्टीने मागासलेली होती. व्यापारामुळे वस्ती दाट झाली होती. गल्ल्या अरुंद होत्या, गटारे तुंबत असत आणि पटकीसारखे रोग वरचेवर उद्भवत असत. ही स्थिती सुधारण्यासाठी १८६५ साली एक कायदा झाला आणि शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती सोपवण्यात आला. त्याच्यावर देखरेख करावयाची ती 'जस्टिस ऑफ दि पीस' या पदावरील गृहस्थांनी. पण या गृहस्थांची नेमणूक सरकार करी. कर भरणाऱ्या सामान्य नागरिकाला कोणालाही निवडण्याचा अधिकार नव्हता.

कमिशनरच्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे कर्तबगार अधिकारी आले. त्यांनी रस्ते रुंद केले, स्वच्छतेची व्यवस्था लावली आणि एक विशाल मंडई बांधली. आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. पण उत्साहाच्या भरात क्रॉफर्ड यांना खर्चाचे भान राहिले नाही. मंजूर रकमेपेक्षा किती तरी अधिक पैसा खर्च झाला. कराचे ओझे वाहणारे नागरिक संतापले आणि १८७१ साली शहरात मोठी चळवळ उभी राहिली. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे अनुभवी पुढारी तिच्यात होते. एका माणसाच्या हाती सत्ता नको, ती एका मंडळाकडे द्यावी, अशी त्यांची मागणी होती.

अशा वेळी फिरोजशहांपुढे दोन मार्ग होते. लोकांच्या संतापाला शब्द दिला असता, तर हा २६ वर्षांचा तरुण बॅरिस्टर एका दिवसात लोकप्रिय झाला असता. पण त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात त्यांनी आपला निबंध वाचला. क्रॉफर्ड यांनी खर्चात चूक केली, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु त्यांनी शहराचे मोठे हित साधले आहे, हेही निर्भयपणे सांगितले. दोष एका व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जो खर्च करतो त्याच्यावर, ज्यांचा पैसा खर्च होतो त्यांचीच देखरेख नसेल, तर चांगला अधिकारीही वाहवत जाईल. म्हणून काम करण्यास एकच जबाबदार अधिकारी असावा, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा आणि हिशेब तपासण्याची स्वतंत्र व्यवस्था असावी, अशी योजना त्यांनी मांडली. हे विचार पुष्कळांना रुचले नाहीत. चळवळीला विरोध करणारा म्हणून त्यांना रोषही सोसावा लागला.

पण पुढच्याच वर्षी, १८७२ साली, जो नवा कायदा झाला, त्यात या विचारांचा पुष्कळसा भाग उतरला. पालिकेत ६४ सभासद असावेत आणि त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावेत, असे ठरले. ४ सप्टेंबर १८७३ रोजी या पालिकेची पहिली सभा भरली. मताचा अधिकार अद्याप ठरावीक कर भरणाऱ्यांपुरताच होता, तरी मुंबईच्या नागरिकांच्या हाती कारभाराची एक किल्ली आली.

फिरोजशहांनी पालिकेच्या कार्याला वाहून घेतले. १८८४ साली ते तिचे अध्यक्ष झाले आणि पुढेही हा मान त्यांना मिळाला. वकिलीचा मोठा व्याप सांभाळूनही ते सभेस कागदपत्रे बारकाईने वाचून येत. १८८८ साली पालिकेचा नवा कायदा होत असता सरकारच्या मसुद्यात कमिशनरला अवाजवी अधिकार दिलेले होते. फिरोजशहा व काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांनी कायदे मंडळात त्या मसुद्याचा कसोशीने विचार करून त्यात महत्त्वाचे बदल घडवून आणले. अंतिम सत्ता पालिकेच्या सभेकडे राहिली. पुढे अनेक दुरुस्त्या होऊनही तोच कायदा मुंबईच्या कारभाराचा पाया राहिला आहे.

याच काळात, १८९२ साली, तानसा तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले. शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेवर लादला जाई. तो सरकारने सोसावा आणि पालिकेचा पैसा मुलांच्या शिक्षणासारख्या कामी लागावा, यासाठी फिरोजशहा अनेक वर्षे भांडले. १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारकडे गेला आणि प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पालिकेने पत्करली.

त्याच वर्षी त्यांची मोठी कसोटी लागली. पालिकेतील त्यांचे वजन काही वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांना खुपू लागले होते. 'जस्टिस'च्या मतांवर १६ सभासद निवडावयाचे होते. या अधिकाऱ्यांनी संगनमत करून १६ उमेदवारांची यादी तयार केली. मोजणी झाली, तेव्हा फिरोजशहांचा क्रमांक सतरावा लागला! ज्यांनी पालिका घडवली, तेच पालिकेबाहेर राहण्याची वेळ आली. परंतु निवडून आलेल्यांपैकी एकाचा पालिकेच्या कंत्राटाशी संबंध असल्याचे उघडकीस आले. असा मनुष्य सभासद होऊ शकत नाही, असे १८८८ च्या कायद्यातच होते. न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली आणि रिकामी जागा फिरोजशहांना मिळाली. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांनी श्रम घेतले होते, तोच कायदा त्यांच्या मदतीस धावून आला.

त्यांचे कार्य मुंबईपुरतेच मर्यादित नव्हते. १८९० साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष होते. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि १९१३ साली त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वृत्तपत्र सुरू केले. तरी त्यांचे मन रमले ते आपल्या नगरीच्या सेवेत. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

नळाचे पाणी, स्वच्छ रस्ता, शाळेची इमारत या गोष्टी आपल्याला नित्याच्या वाटतात. पण त्यांच्यामागे कोणाचा तरी पैसा, कोणाचे तरी श्रम आणि कोणाची तरी जागरूक देखरेख असते. ही देखरेख हाच नागरिकाचा हक्क आहे आणि तेच त्याचे कर्तव्यही आहे. संतापलेल्या सभेपुढे उभे राहून एका तरुणाने हे सत्य सांगितले आणि नंतर ४० वर्षे ते आचरून दाखवले. म्हणूनच मुंबईने त्यांना आपल्या पालिकेच्या दारी मानाचे स्थान दिले आहे.