शब्दांची अमानत : बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक

सूरह अल-बकरामधील मानवाच्या निर्मितीची हकीकत आपण अनेकदा वाचली व ऐकली आहे. अल्लाहने आदम (अलैहिस्सलाम) यांना सर्व वस्तूंची नावे शिकविली. तीच नावे फरिश्त्यांना विचारली गेली, तेव्हा आपल्याला जेवढे शिकविले गेले त्याखेरीज आपल्याजवळ काहीही ज्ञान नाही, अशी नम्र कबुली त्यांनी दिली. या प्रसंगाचा एक अर्थ असा की, वस्तूला नाव देता येणे ही मानवावरील फार मोठी कृपा आहे. जी वस्तू कृपेने मिळते, ती अमानत असते आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

ही गोष्ट आपल्या घरापर्यंत आणून पाहा. नांदेडच्या एखाद्या घरात थोरला मुलगा उर्दू शाळेत मुसल्लस शिकतो, धाकटी मुलगी मराठी शाळेत त्रिकोण शिकते, आणि लातूरला शिकवणीसाठी राहिलेला चुलत भाऊ त्यालाच ट्रँगल म्हणतो. आकृती एकच, तिची नावे तीन. ही नावे कोणी व कशी ठरविली, एका शब्दासाठी किती विद्वानांनी किती काळ वाद घातला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आपल्याच मराठवाड्यात एका मनुष्याने या कामासाठी आयुष्याची पंचवीस वर्षे वेचली. ते म्हणजे मौलवी अब्दुल हक. त्यांचे चरित्र आज आपण थोडक्यात पाहू.

आधीची परंपरा

विविध शास्त्रांतील संज्ञा गोळा करून त्यांचे अर्थ निश्चित करणे हे मुस्लिम विद्वानांचे जुने कार्य आहे. हिजरीच्या चौथ्या शतकात मुहम्मद बिन अहमद अल-ख्वारिज्मी या लेखनिकाने ‘मफातीहुल उलूम’ हा ग्रंथ रचला. त्यात एका भागात शरीयत व अरबी भाषेशी निगडित शास्त्रे, तर दुसऱ्या भागात इतर समाजांकडून आलेली शास्त्रे घेतली आहेत. भारतात मुहम्मद आला थानवी यांनी 1745 मध्ये ‘कश्शाफु इस्तिलाहातिल फुनून’ पूर्ण केला. त्याच शतकात आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगरचे काझी अब्दुन्नबी यांनी ‘दस्तूरुल उलमा’ या नावाने ओळखला जाणारा कोश लिहिला. पुढे हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने तो छापून प्रसिद्ध केला.

अशा कोशांची गरज काय, असे आपण विचाराल. एक ‘खबर’ हा शब्द घ्या. व्याकरणकारासाठी खबर म्हणजे वाक्यात उद्देश्याविषयी जे सांगितले जाते ते. तर्कशास्त्राच्या अभ्यासकासाठी खबर म्हणजे खरे किंवा खोटे ठरू शकणारे विधान. हदीसच्या विद्वानासाठी ती साखळीने पोहोचलेली रिवायत असते आणि तिचे मुतवातिर, वाहिद असे दर्जे असतात. बाजारातील माणसासाठी खबर म्हणजे नुसती बातमी. हे चौघे एकत्र बसले आणि प्रत्येकाने आपलाच अर्थ गृहीत धरला, तर वाद होईल, ज्ञान वाढणार नाही. म्हणून आधी शब्दाचा अर्थ ठरवावा व मग चर्चा करावी, हा आपल्या पूर्वसूरींचा शिरस्ता होता.

हापूड ते औरंगाबाद

अब्दुल हक यांचा जन्म 1870 मध्ये मेरठ जिल्ह्यातील हापूडच्या परिसरात झाला. अलीगढच्या मदरसतुल उलूममध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि 1894 मध्ये ते पदवीधर झाले. सर सय्यद अहमद खान यांचा सहवास त्यांना तेथे लाभला. नंतर ते हैदराबाद संस्थानात आले. शाळेत शिकविले, मासिक चालविले, सरकारी भाषांतराचे काम केले आणि अखेर औरंगाबाद विभागाचे शाळा तपासनीस झाले. या विभागात औरंगाबाद, बीड, परभणी आणि नांदेड हे चार जिल्हे होते. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे गुलबर्गा विभागात मोडत असे.

1903 मध्ये मुस्लिम शैक्षणिक परिषदेची एक शाखा म्हणून ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ स्थापन झाली होती. तिचे पहिले सचिव अल्लामा शिबली नोमानी होते. 1912 मध्ये ही जबाबदारी अब्दुल हक यांच्याकडे आली, तेव्हा संस्थेपाशी फारसे काही उरले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी तिचे कार्यालय औरंगाबादला आणले. तेथून 1938 पर्यंत अंजुमनचा कारभार चालला. दिल्ली-लखनौपासून दूर, आपल्या मराठी मुलखात, उर्दूच्या ज्ञानव्यवहाराचे एक मुख्य केंद्र पाव शतक नांदत होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

शब्द ठरविण्याची मजलिस

हैदराबादला उर्दू माध्यमाचे विद्यापीठ काढण्याचे ठरले, तेव्हा पहिली अडचण पुस्तकांची होती. रसायन, पदार्थविज्ञान, गणित, अर्थशास्त्र, वैद्यक, कायदा या विषयांचे उच्च शिक्षण उर्दूत द्यायचे तर ग्रंथ हवेत, आणि ग्रंथ लिहायचे तर आधी शब्द हवेत. म्हणून 1917 मध्ये ‘दारुत्तर्जुमा’ हा भाषांतर विभाग उघडण्यात आला आणि अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख झाले. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झाले. म्हणजे शब्दांचे काम विद्यापीठाच्याही आधी सुरू झाले होते.

येथील कार्यपद्धती लक्षपूर्वक समजून घ्या, कारण आजही तिच्यापासून शिकण्यासारखे आहे. एका विषयाचा जाणकार एकटा बसून शब्द घडवीत नसे. त्यासाठी मजलिस भरे. एका बाजूला विषयाचे तज्ज्ञ असत. मूळ इंग्रजी संज्ञेचा नेमका आशय काय, ती कोणत्या संज्ञेहून भिन्न आहे, तिच्यापासून पुढे कोणकोणते शब्द निघतात, हे ते सांगत. दुसऱ्या बाजूला अरबी, फारसी व उर्दूचे पंडित असत. अल्लामा अब्दुल्लाह इमादी, नज्म तबातबाई, मौलाना वहीदुद्दीन सलीम, मिर्झा हादी रुसवा, अब्दुल माजिद दर्याबादी अशी मंडळी वेगवेगळ्या काळात या कामाशी जोडली गेली. वैज्ञानिकाला भाषेची मर्यादा पाळावी लागे आणि भाषापंडिताला वस्तुस्थितीची. दोघांनाही एकमेकांचे ऐकल्यावाचून गत्यंतर नसे.

मतभेदही झाले. शास्त्राच्या संज्ञा अरबीच्याच साच्यात घडवाव्यात, असे काहींचे म्हणणे होते. वहीदुद्दीन सलीम यांचे मत निराळे होते. उर्दू ही याच भूमीची भाषा आहे, तेव्हा अरबी-फारसीबरोबर हिंदी धातू, उपसर्ग व प्रत्ययही मोकळेपणाने वापरावेत, असे ते म्हणत. ‘बर्क’ म्हणजे वीज. तिच्यापासून ‘बर्काना’ असे सरळ देशी वळणाचे क्रियापद का करू नये, असा त्यांचा विचार होता. त्यांनी आपली भूमिका ‘वज-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात मांडली आणि अंजुमनने तो 1921 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 1925 मध्ये निरनिराळ्या शास्त्रांतील संज्ञांचा संग्रह ‘फर्हंग-ए-इस्तिलाहात-ए-इल्मिया’ या नावाने औरंगाबादहून बाहेर पडला. हयातियात, नफ्सियात, मआशियात यांसारखे शब्द आज उर्दू शाळेतील मुले सहज उच्चारतात. असे शब्द रुळण्यामागे अशा मजलिसींचे श्रम आहेत.

अब्दुल हक यांचे वैशिष्ट्य येथेच दिसते. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ नव्हते की गणितीही नव्हते. जाणत्या माणसांना एका जागी बसविणे, त्यांचे मतभेद सांभाळणे, ठरलेले लिहून घेणे आणि ते छापून लोकांपर्यंत पोहोचविणे हे त्यांनी केले. 1921 पासून ‘उर्दू’ आणि 1928 पासून ‘सायन्स’ ही त्रैमासिके त्यांच्या देखरेखीखाली अंजुमनने चालविली. 1937 मध्ये मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश प्रसिद्ध झाला. मनमाडहून निघालेली रेल्वे औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड करीत सिकंदराबादला जात असे. आपल्या या गावांना हैदराबाद आणि औरंगाबाद या दोन विद्याकेंद्रांशी जोडणारा तोच मार्ग होता.

मराठीशी नाते

अब्दुल हक ज्या मुलखात राहत, तेथील भाषेकडेही त्यांचे लक्ष होते. 1933 मध्ये त्यांनी मराठी भाषेवरील फारसीच्या प्रभावाविषयी एक पुस्तिका लिहिली. योगायोग असा की, त्यांचा परिभाषा कोश निघाला त्याच 1925 साली माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा ‘फारसी-मराठी कोश’ही प्रसिद्ध झाला.

लातूरच्या बाजार समितीत आपण दलाल, हमाल, हिशेब, रक्कम, जमा, खर्च, बाकी हे शब्द वापरतो, तेव्हा त्यांचे मूळ कोणाच्या मनातही येत नाही. आपला ‘माहिती’ हा शब्दच पाहा. कोशकार ‘माहीत’ या शब्दाचे मूळ अरबी ‘माहियत’मध्ये सांगतात. तत्त्वज्ञानात माहियत म्हणजे वस्तूचे स्वरूप, आणि ही संज्ञा ‘ती काय आहे?’ या अर्थाच्या अरबी प्रश्नातून निर्माण झाली. म्हणजे माहिती या शब्दाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. हातातल्या मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी ‘हे मुळात काय आहे?’ असे जो विचारीत नाही, त्याच्याजवळ खबर असेल, माहिती नसते. सूरह अल-हुजुरातमध्ये फासिक मनुष्याने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, तो याच सवयीसाठी. अज्ञानाने एखाद्या समूहाला इजा पोहोचू नये आणि मागाहून पश्चात्तापाची पाळी येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

अब्दुल हक यांनी लिहिलेल्या व्यक्तिचित्रांत सर सय्यद, मोहसिनुल मुल्क अशा थोरांबरोबर नामदेव नावाच्या एका माळ्याचेही चित्र आहे. नामदेव हा औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातील बागेत काम करीत असे. समाजाने अस्पृश्य मानलेल्या जातीत तो जन्मला होता. दुष्काळात पाणी मिळेनासे झाले, तेव्हा दुरून पाणी वाहून आणून त्याने रोपे जगविली आणि शेवटी मधमाशांच्या हल्ल्यात, काम करता करताच त्याचा अंत झाला. मनुष्याची थोरवी वंशावरून ठरत नाही, ही इस्लामची शिकवण या लेखकाने अशी प्रत्यक्षात आणली. अनेक वर्षे हा लेख उर्दू शाळांतील मुलांनी वाचला आहे.

दुसरी बाजू

चरित्र सांगताना दोष झाकणे हे सत्यनिष्ठेला धरून होत नाही. उस्मानियाचा प्रयोग मोठा होता, परंतु मराठवाड्यातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांच्या मुलांना उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळत नव्हते. ही तक्रार खरी होती आणि ती ऐकली गेली नाही. आज नांदेड-लातूरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पिढीचे दुःख या संदर्भात समजून घेतले पाहिजे. 1948 नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले आणि भाषांतर विभागही इतिहासजमा झाला.

अब्दुल हक 1938 मध्ये अंजुमन घेऊन दिल्लीला गेले. 1947 च्या दंगलींत तेथील कार्यालय लुटले गेले. नंतर ते कराचीस गेले आणि तेथे त्यांनी संस्था पुन्हा उभारली, महाविद्यालय काढले. परंतु त्याच देशात बंगाली भाषकांनी आपल्या भाषेला मान मागितला, तेव्हा अब्दुल हक त्यांच्या विरोधात उभे राहिले. 1954 मध्ये कराचीत निघालेल्या मोठ्या मोर्चाचे नेतृत्व त्यांनी केले. स्वतःच्या भाषेसाठी आयुष्य वेचणाऱ्याला दुसऱ्याचे भाषाप्रेम ओळखता आले नाही. मजलिसीत भिन्न मतांच्या पंडितांना एकत्र बसविणारा हा मनुष्य येथे दुसऱ्या पक्षाला ऐकण्यात कमी पडला. 16 ऑगस्ट 1961 रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. जे कमावले ते त्यांनी अंजुमनच्या कामी लावले होते.

आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, या चरित्रातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, ज्ञान एकट्याच्या मालकीचे नसते. जाणकाराने भाषा जाणणाऱ्याचे आणि भाषा जाणणाऱ्याने जाणकाराचे ऐकले, तरच शब्द टिकतो. दुसरी, हे ऐकणे आपल्या भाषेच्या, आपल्या गटाच्या सीमेवर येऊन थांबता कामा नये.

आपल्या घरातून आरंभ करता येईल. एक वही घ्या. मुले शाळेत जो नवा शब्द शिकतील तो तिच्यात मराठी, उर्दू व इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहा. पुढे एका ओळीत त्याचा अर्थ लिहा. अर्थ ठाऊक नसेल तर तो रकाना कोरा ठेवा आणि जाणत्या शिक्षकाला विचारा. शेजारच्या घरातील मुलेही या वहीत शब्द भरोत, मग ती कोणत्याही धर्माची असोत. फरिश्त्यांनी दिलेली कबुली आपल्यालाही देता आली पाहिजे. कोरा रकाना म्हणजे तीच कबुली होय.

अल्लाह मौलवी अब्दुल हक यांच्या सेवेचा स्वीकार करो, त्यांच्या चुका माफ करो, आणि आपल्याला लाभदायक ज्ञान व दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे धैर्य देवो. आमीन.