माल्कम : एस्कडेलच्या ओढ्यावरून माळव्यात आलेले एक आडनाव

महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांना माल्कम पेठ हे नाव ओळखीचे असते. इंदूरजवळचे महू तर आपल्या रोजच्या जाण्या-येण्यातले गाव. या दोन्ही वसाहतींच्या मुळाशी एकच माणूस आहे, सर जॉन माल्कम. महिदपूरला होळकरांच्या तोफांवर चालून गेलेला हाच, आणि अहिल्याबाईंची कीर्ती इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत नेणाराही हाच. इंदूरच्या मराठी घरांमध्ये त्याचे नाव निघाले की राग आणि कृतज्ञता दोन्ही एकदमच येतात, ते यामुळेच.

आधी आडनावाची गोष्ट. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत हा दोन शब्दांचा जोड आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ मुंडन केलेला, म्हणजे देवाच्या सेवेला वाहून घेतलेला. दुसरा शब्द म्हणजे संत कोलंबाचे नाव. हा कोलंबा इसवी सन ५६३ मध्ये आयर्लंडहून समुद्र ओलांडून आयोना बेटावर आला आणि तिथल्या मठातून स्कॉटलंडच्या उत्तर भागात ख्रिस्ती धर्म पसरला. आपल्याकडे रामदास, विठ्ठलदास तसा हा कोलंबादास. आरंभी हे आडनाव नव्हते, मुलाचे ठेवायचे नाव होते. स्कॉटलंडच्या चार राजांनी ते धारण केले. त्यातला तिसरा म्हणजे शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकात शेवटी गादीवर येतो तो राजपुत्र. आडनाव ते पुढे झाले. पश्चिमेच्या अर्गाइल भागातले मॅककॅलमही त्याच संताच्या नावाचे, आणि त्यांच्यातल्या एका जमीनदार घराण्याने अठराव्या शतकात आपले आडनाव बदलून माल्कम करून घेतले. तेव्हा सगळे माल्कम एका रक्ताचे नव्हेत. आपले सगळे कुलकर्णी एका कुळातले नसतात, तसेच हे.

जॉनचे घराणे पूर्व किनाऱ्यावरच्या फाइफ प्रांतातले. त्याचे आजोबा रॉबर्ट हे धर्मोपदेशक. १७१७ साली ते इंग्लंडच्या सरहद्दीलगतच्या एस्कडेल भागात चर्चच्या कामावर आले आणि घराणे तिथलेच झाले. एस्क नदीच्या खोऱ्यात, लँगहोम गावाजवळ, एका मोठ्या सरदाराच्या जमिनीवरचे बर्नफूट नावाचे शेत त्यांच्याकडे खंडाने होते. तिथेच २ मे १७६९ रोजी जॉनचा जन्म झाला. सतरा भावंडे! त्यात वडील जॉर्ज यांना धंद्यात मोठी खोट आली. मेंढ्या आणि डोंगरउताराची जमीन एवढ्यावर इतकी तोंडे पोसणे शक्य नव्हते. तेव्हा मुलगे तेरा-चौदा वर्षांचे झाले की बाहेर पडू लागले, कुणी आरमारात, कुणी कंपनीच्या चाकरीत. एस्कडेलसारख्या खोऱ्यांतून त्या काळी हिंदुस्थानात इतके स्कॉट का आले, याचे अर्धे उत्तर या घरात सापडते. उरलेले अर्धे ओळखीपाळखीत. लंडनला व्यापार करणारा मामा जॉन पासली याने भाच्यांसाठी खटपट केली.

कंपनीच्या संचालकांपुढे तेरा वर्षांचा जॉन उभा राहिला तेव्हा त्याला गमतीने विचारले गेले, की हैदर अली समोर आला तर काय करशील. तलवार काढून त्याचे डोके उडवीन, असे त्याचे उत्तर होते, अशी कथा आहे. नेमणूक मिळाली. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला. सुरुवातीची वर्षे कर्जात आणि उनाडकीत गेली. सुधारला तो फारसी शिकू लागल्यावर. तलवारीपेक्षा जिभेनेच त्याला वर नेले. हैदराबादच्या रेसिडेंटचा मदतनीस, मग इराणच्या शहाकडे वकील, आणि पुढे इराणचा इतिहास लिहिणारा लेखक.

मराठ्यांशी त्याचा संबंध १८०३ च्या युद्धापासून घट्ट झाला. युद्धानंतर तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. तहाचा अर्थ लावताना ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांकडे राहावेत की कंपनीने काढून घ्यावेत, यावर वाद झाला. तहाच्या शब्दांप्रमाणे आपली बाजू पक्की नाही, असे माल्कमचे मत पडले आणि गव्हर्नर जनरल वेलस्ली त्याच्यावर भडकला. पुढे १८०५ च्या नोव्हेंबरात झालेल्या तहात ग्वाल्हेर शिंद्यांना परत मिळाले. त्या तहाची बोलणी कंपनीकडून माल्कमनेच केली होती. ग्वाल्हेरकर वाचकांना ही गोष्ट माहीत असावी, म्हणून मुद्दाम सांगितली. त्याच वर्षाच्या अखेरीस पंजाबात बियास नदीकाठी यशवंतराव होळकरांशी तह झाला, त्यातही तो होता.

बारा वर्षांनी त्याच यशवंतरावांचा अकरा वर्षांचा मुलगा मल्हारराव त्याच्यासमोर शत्रू म्हणून उभा होता. होळकरांच्या छावणीत तेव्हा कोण कुणाचे हेच कळत नव्हते. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना आपल्याच लष्कराने क्षिप्रेकाठी ठार केले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबर १८१७ ला, महिदपूरची लढाई झाली. माल्कमने क्षिप्रेच्या उतारातून पलटणी पार नेऊन थेट तोफखान्यावर चाल केली. होळकरांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. कंपनीची जवळजवळ आठशे माणसे मेली किंवा जखमी झाली. पण दिवस त्यांचा ठरला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेश गेला, राजपुतान्यावरचे हक्क गेले, दरबारात रेसिडेंट आला. तात्या जोगांच्या कारभारात इंदूर राजधानी झाले ते यानंतर, आणि महूची छावणीही याच वर्षी पडली.

त्या जूनमध्ये दुसरा बाजीराव पेशवा असीरगडच्या बाजूला माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमने त्याला वर्षाला आठ लाखांचे वचन दिले. कलकत्त्याला ही रक्कम अवाजवी वाटली, पण वचन पाळावे लागले. या उदारतेत हिशेब होताच. मोठी फौज जवळ असलेला पेशवा लढत राहिला असता, तर खर्च याहून जास्त आला असता.

यानंतरची तीन-चार वर्षे मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वाटतात. माळवा लुटीने उजाड झाला होता. माल्कम गावोगाव फिरला, भिल्ल नायकांशी बोलला, पाटील, कमाविसदार, सावकार, सगळ्यांकडून माहिती गोळा केली. अहिल्याबाई जाऊन तेव्हा बावीस-तेवीस वर्षेच झाली होती. त्यांना पाहिलेली माणसे जिवंत होती. लोक सांगत ते ऐकून त्याला आधी संशयच आला, इतकी स्तुती खरी कशी असेल. म्हणून त्याने वेगवेगळ्या जातीधर्मांच्या लोकांकडून चौकशी करवली. स्तुती कमी झाली नाही. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार, रात्री पुन्हा कामकाज, हा बाईंचा दिनक्रम आपण शाळेत शिकतो. तो त्याने टिपून ठेवला. १८२३ साली लंडनला दोन भागांत निघालेल्या त्याच्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात हे सारे आले. चुकाही त्यात आहेत, विजेत्याची नजरही आहे. तरी ज्याच्या चालीने होळकरांची सत्ता मोडली, त्याच्याच दप्तरातून होळकरांच्या सुनेचे चरित्र बाहेर जावे, हे विलक्षण खरेच.

मुंबईचे गव्हर्नरपद त्याला १८१९ मध्येच हवे होते. ते त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एल्फिन्स्टनला मिळाले, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. शेवटी १८२७ ला पद मिळाले. त्या तीन वर्षांतच साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून, वाईकडचे खंडाळा गाव बदल्यात देऊन, महाबळेश्वरची जागा घेतली गेली. आपण गावावरून आडनाव घेतो. तिथे एस्कडेलच्या आडनावावरून पेठेला नाव पडले.

भावंडांपैकी तिघांना एकाच वर्षी, १८१५ मध्ये, सर हा किताब मिळाला. त्यातला पल्टनी आरमारात चढला आणि सेंट हेलेना बेटावर कैदेतल्या नेपोलियनला भेटत असे. धाकटा चार्ल्सही पुढे सर झाला आणि मुंबईला कंपनीच्या आरमाराचा प्रमुख होता.

जॉन ३० मे १८३३ रोजी लंडनला वारला. लँगहोमच्या वरच्या व्हिटा टेकडीवर त्याच्या नावाचा उंच दगडी स्तंभ आहे, आणि मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याचा पुतळा. जोआना बेली ही स्कॉटलंडची कवयित्री. माल्कमच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, स्वतः ऐंशी उलटल्यावर, तिने अहिल्याबाईंवर एक दीर्घ इंग्रजी कविता प्रसिद्ध केली. हिंदुस्थान तिने कधी पाहिला नव्हता. बाईंची सारी हकीकत तिने माल्कमच्या ग्रंथावरून घेतली होती.