पंडिता रमाबाई : दुष्काळातून मुक्तीकडे

पंडिता रमाबाई हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे. इतिहासाच्या पुस्तकात 'समाजसुधारक' या धड्यात चार ओळी, शारदा सदन, मुक्ती मिशन, रिकाम्या जागा भरा, दोन मार्क. मार्क मिळाले की विषय संपला. माझंही तेवढंच होतं. सेकंड इयरला असताना त्यांचं चरित्र हातात आलं आणि त्या दोन मार्कांमागे काय आयुष्य होतं ते कळलं. ते आपल्या होस्टेलच्या मित्रमैत्रिणींना आणि सरांना, मॅडमना सांगावं असं फार दिवसांपासून मनात होतं, म्हणून हा लेख.

आधी एक सांगतो. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी विठोबाचा फोटो आहे आणि गावाच्या वेशीवर मारुती आहे. कोणी कोणता धर्म घ्यावा हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. सगळं संपलं असं ज्या क्षणी वाटतं त्या क्षणानंतर एका बाईनं काय केलं, हे मला सांगायचं आहे. त्यांच्या बाबतीत ती वाट येशू ख्रिस्ताच्या श्रद्धेतून गेली, म्हणून ती तशीच सांगावी लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आणि तोही जंगलातला. पश्चिम घाटात, आजच्या कर्नाटकात, गंगामूळ नावाची जागा आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. शेवटी त्यांनी रानात जाऊन आश्रम थाटला. आपल्याकडे धानोरा, भामरागडच्या बाजूला ज्यांचं घर आहे त्यांना रानात राहणं म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आश्रमात येणाराजाणाऱ्यांचं खाणंपिणं करता करता शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले आणि सगळं सोडून कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. वेताच्या टोपलीत घालून, एका माणसाच्या डोक्यावर तिला डोंगराखाली आणलं.

पुढची कित्येक वर्षं या कुटुंबाला घर नव्हतं. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं, पुढच्या गावी जायचं. आईनं पहाटे उठवून रमाला संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तिला लहानपणीच पाठ होते. शाळा नाही, वर्ग नाही, हजेरी नाही. चालता चालता शिक्षण झालं.

मग १८७० च्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. जवळचे पैसे संपले, भांडी विकली, दागिने विकले. अनंतशास्त्री म्हातारे झाले होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. भीक मागायची नाही आणि अंगमेहनतीचं काम कधी केलेलं नाही, अशा अवस्थेत देवदर्शनं, उपास, दानधर्म सगळं करून झालं. शेवटी मरायचंच म्हणून हे कुटुंब जंगलात शिरलं. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि थोडे रानखजूर खाऊन काढले. रानखजूर म्हणजे आपली शिंदी. आपल्यापैकी ज्यांनी शिंदीची फळं खाल्ली आहेत त्यांना माहीत आहे, त्यात बीच जास्त, गर नावाला. गंमत म्हणून खायची ती गोष्ट. त्यावर पाच माणसं जगत होती.

वडील गेले. काही महिन्यांच्या आत आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भारतभर फिरले, पार काश्मीरपर्यंत. थंडीत अंगावर पांघरूण नसायचं म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

आता गोष्ट सुखाची होईल असं वाचताना मला वाटलं होतं. पण १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामातल्या सिल्चरला संसार मांडला, मनोरमा ही मुलगी झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी पटकीनं गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या वयाच्या. आईवडील नाहीत, बहीणभाऊ नाहीत, नवरा नाही, कडेवर दहा महिन्यांची पोर.

मी हे वाचलं तेव्हा आमच्या घरी बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. रोवणीच्या दिवसांतच ते गेले. बांध्या अर्ध्या रोवलेल्या, अर्ध्या तशाच. मी होस्टेलला परत आलो, पण वर्गात बसून फळ्यावरचं काही दिसत नव्हतं. मेसमध्ये सगळ्यांसोबत बसायचो, हसायचो, आणि रूमवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचो. काहून शिकायचं, कोणासाठी शिकायचं, हा एकच प्रश्न. रूम पार्टनरला वाटायचं, अभ्यासाचं टेन्शन आहे. अशा वेळी कोणी 'सगळं ठीक होईल' म्हटलं की राग येतो. या पुस्तकानं मला तसं काही म्हटलं नाही. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गमावलेलं माणूस दुसऱ्या दिवशी उठून काय करतं, तेवढं फक्त दाखवलं.

रमाबाई उठून महाराष्ट्रात आल्या. १८८२ मध्येच पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. पण आत शांती नव्हती. लहानपणापासूनची श्रद्धा दुष्काळात मोडली होती. आईवडिलांनी एवढी व्रतं केली, एवढे देव केले, आणि अन्नाचा कण मिळाला नाही, हे त्या विसरू शकत नव्हत्या. शास्त्रं वाचली तेव्हा स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचा दरवाजा बंद दिसला. जुनं सुटलं होतं आणि नवं सापडलं नव्हतं.

सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान मिळालं होतं. एका मिशनऱ्याकडून त्या ते समजून घेऊ लागल्या होत्या. ते नवऱ्याला रुचलं नव्हतं. पुण्यात ती ओढ वाढली. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला म्हणून त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होता आलं नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीनं तिथेच आत्महत्या केली. परक्या देशातला हा घाव केवढा असेल!

त्याच काळात लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टरांचं एक काम त्यांनी पाहिलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमानं सांभाळत होते. असं का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. लोकांनी टाकलेल्या बाईशी येशू आदरानं बोलतो, ही ती गोष्ट. ज्याच्या दारात बाई, पतित, परकी असा भेद नाही असा देव त्यांना तिथे दिसला. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. महात्मा फुल्यांसारखा एखादाच त्यांच्या बाजूनं उभा राहिला. पण रमाबाई मठातही मान खाली घालून राहिल्या नाहीत. सिस्टरांशी पत्रांतून त्यांचे कडाक्याचे वाद झाले. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला ती भाषा येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मांसाहार त्यांनी कधी केला नाही. धर्म बदलला, पण स्वतःची बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. मला त्यांचं हे सगळ्यात आवडतं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे भाषणं दिली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बालविधवांसाठी ही शाळा होती. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, तिथल्याच विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. 'केसरी'नं टीका केली, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई पुन्हा एकट्या.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं दुःख गेलं, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. १८९१ च्या सुमारास, म्हणजे आठ वर्षांनी, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही. तोवर सगळं डोक्यानं पटलेलं होतं. मग हळूहळू ती श्रद्धा आत उतरली आणि मनाला शांती मिळाली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आशा अशी वेळ घेत येते. ज्यांना ती आठ दिवसांत सापडत नाही त्यांनी घाबरू नये.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता, आणि आजचा गडचिरोली जिल्हाही त्याच चांद्याचा भाग. तो वेगळा झाला १९८२ साली. दुष्काळाची बातमी ऐकली तेव्हा रमाबाईंना स्वतःचं उपाशी बालपण आठवलं. पैसा नाही, जागा नाही, तरी त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे अडचणी, म्हणून दौंडजवळ केडगावच्या माळरानावर त्यांना वसवलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून मुक्तीचा कारभार मुद्दाम सांगतो. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धशाळा, छापखाना, सगळं तिथे होतं आणि चालवणाऱ्या बायका होत्या. अंध मुलींसाठी मनोरमाबाई अमेरिकेतून ब्रेल शिकून आल्या. टाकलेल्या माणसांच्या हाताला काम द्यायचं आणि त्यांनाच एकमेकांचा आधार बनवायचं, हे आपण वरोऱ्याच्या आनंदवनात पाहतो. केडगावला ते सुमारे अर्धशतक आधी चालू होतं.

शेवटचं मोठं काम बायबलच्या मराठी भाषांतराचं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल हवं, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आपण एका सेमिस्टरमध्ये 'सी' शिकताना रडतो! हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. सगळ्यांना पोचवून मागे राहण्याची वेळ रमाबाईंवर पुन्हा आली, आणि तरीही त्यांनी काम टाकलं नाही. भाषांतर हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे.

रमाबाईंच्या श्रद्धेनं त्यांचं एकही माणूस परत आणून दिलं नाही. मग तिनं काय दिलं? मला वाटतं, स्वतःच्या उपाशी आठवणीचा उपयोग दिला. ज्या आठवणीनं माणूस आतून पोखरून निघालं असतं, त्या आठवणीनंच त्यांना मध्य प्रांतातल्या भुकेल्या पोरींपर्यंत नेलं.

मित्रहो, बॅक लागला, घरून पैसे आले नाहीत, घरातलं माणूस गेलं, कोणी सोडून गेलं, यातलं काही ना काही प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी वाट्याला आलेलं असतं. तो मुलगा सांगत नाही. त्याची श्रद्धा चर्चमध्ये असो, विहारात असो, मशिदीत, देवळात असो, की कुठेच नसो, त्याच्या दारावर आज कोणीतरी थाप मारायला हवी. सल्ला द्यायची गरज नाही. चल, चहा प्यायला जाऊ, एवढं म्हटलं तरी सुरुवात होते. आणि दाराच्या आत बसलेला तूच असशील, तर कडी काढ आणि बाहेर ये. आम्ही आहोत.