इझाबेला बीटन

इझाबेला मेरी बीटन (माहेरचे आडनाव : मेसन, जन्म : लंडन, १४ मार्च १८३६, मृत्यू : ग्रीनहाइथ, केंट, ६ फेब्रुवारी १८६५) या इंग्लिश लेखिका व संपादिका होत्या. मिसेस बीटन या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. त्यांनी सिद्ध केलेला 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' (१८६१) हा ग्रंथ मध्यमवर्गीय इंग्लिश कुटुंबांत स्वयंपाक, कोठीघर आणि घरखर्च यांविषयीचा आधारग्रंथ ठरला. त्यांचे नाव उच्चारताच वाचकांसमोर अनुभवी, प्रौढ गृहिणीची मूर्ती उभी राहत असे. प्रत्यक्षात ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या आणि २८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बालपण आणि शिक्षण

इझाबेला यांचे वडील बेंजामिन मेसन हे लंडनमध्ये कापडाचे व्यापारी होते. इझाबेला लहान असतानाच त्यांचा मृत्यू झाला. आई एलिझाबेथ यांनी १८४३ मध्ये हेन्री डॉर्लिंग या विधुराशी पुनर्विवाह केला. डॉर्लिंग हे एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतींच्या व्यवस्थेत अधिकारपदावर होते. दोघांची आधीची आणि नंतर झालेली मिळून घरात २१ मुले होती व इझाबेला त्यांतील थोरल्या मुलांपैकी एक होत्या. शर्यती नसत त्या काळात धाकट्या भावंडांचा मुक्काम शर्यतीच्या मैदानावरील प्रेक्षकगृहात असे आणि त्यांना सांभाळण्याचे काम इझाबेला यांच्याकडे येई. मोठ्या कुटुंबाची व्यवस्था लावण्याचा अनुभव त्यांना असा लहानपणीच मिळाला.

पुढील शिक्षणासाठी त्यांना जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पाठविण्यात आले. तेथे त्या फ्रेंच व जर्मन भाषा आणि पियानोवादन शिकल्या. केक व पेस्ट्री बनविण्याची गोडीही त्यांना तेथेच लागली. १८५४ मध्ये त्या एप्समला परतल्या.

विवाह आणि संपादनकार्य

१० जुलै १८५६ रोजी त्यांचा विवाह प्रकाशक सॅम्युएल ऑर्चर्ट बीटन यांच्याशी झाला. सॅम्युएल यांनी १८५२ मध्ये मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी 'इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन' हे स्वस्त मासिक सुरू केले होते. लंडनबाहेर पिनरजवळ संसार थाटल्यावर इझाबेला या मासिकासाठी फ्रेंच कथांची भाषांतरे करू लागल्या; पुढे पाककृतींचे सदरही त्यांच्याकडे आले. विवाहित स्त्रीने रोज रेल्वेने पतीच्या कार्यालयात जाऊन संपादनाचे काम करावे, ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती.

मे १८५७ मध्ये जन्मलेला त्यांचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन वारला. त्यानंतरच्या काळातच गृहव्यवस्थेवरील मोठ्या ग्रंथाची जुळवाजुळव सुरू झाली. १८५८ च्या हिवाळ्यात त्या दर आठवड्याला घरातील तांब्याच्या मोठ्या भांड्यात ८ ते ९ गॅलन (सुमारे ३६ ते ४१ लिटर) सूप शिजवून जवळच्या खेड्यातील सुमारे बारा गरीब कुटुंबांना वाटत असत. या सूपची कृती खर्चासह ग्रंथात समाविष्ट आहे.

ग्रंथाचे स्वरूप

हा मजकूर १८५९ पासून प्रत्येकी तीन पेन्स किमतीच्या २४ मासिक भागांत प्रसिद्ध झाला आणि १ ऑक्टोबर १८६१ रोजी ग्रंथरूपाने आला. सुमारे १,१०० पृष्ठांच्या या ग्रंथाच्या पहिल्या वर्षी ६०,००० प्रती खपल्या. पाककृतींखेरीज नोकरांची कामे, बालसंगोपन, घरगुती उपचार व कायदा यांवरही त्यात प्रकरणे आहेत.

प्रत्येक कृतीच्या आरंभी जिन्नस व त्यांचे प्रमाण, नंतर कृती आणि शेवटी लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल व तो पदार्थ कोणत्या ऋतूत करावा, अशी ठरलेली मांडणी होती. त्यामुळे कोठीत काय आहे आणि हातात किती पैसे आहेत, हे पाहून गृहिणीला जेवणाचा बेत ठरविता येई. मेजवान्यांच्या याद्यांबरोबर दर महिन्यासाठी साध्या कौटुंबिक जेवणांचे आठवड्याचे बेतही दिलेले होते. रविवारी भाजलेल्या मांसाचा उरलेला भाग सोमवारी वेगळ्या रूपात पानात यावा, अशी त्यांची योजना असे. उरलेल्या थंड मांसाच्या पदार्थांना ग्रंथात स्वतंत्र स्थान आहे. कोठीघराचा हिशेब वहीत नोंदवावा आणि साठवणीच्या वस्तू कोरड्या जागी ठेवाव्यात, यावर त्यांचा भर होता.

भारताशी संबंधित काही कृतीही त्यात आढळतात. धने, हळद, मेथी, मोहरी, सुंठ इत्यादींपासून करी पावडर करण्याची कृती दिल्यावर, चांगल्या दुकानातील तयार पावडर बहुधा सरस व स्वस्त पडते, असे लेखिकेने स्पष्ट केले आहे. बंगाली पद्धतीच्या आंब्याच्या चटणीत कैऱ्यांऐवजी ३० मोठी आंबट सफरचंदे सांगितली आहेत. इंग्लंडच्या बाजारात जे सहज मिळे त्यावरच ही कृती बेतलेली होती.

टीका

ग्रंथातील बहुतेक पाककृती इझाबेला यांच्या स्वतःच्या नव्हत्या. काही मासिकाच्या वाचकांनी पाठविलेल्या होत्या, तर अनेक एलायझा ॲक्टन, एलिझाबेथ रॅफल्ड, अलेक्सी सोयर आदींच्या पुस्तकांतून, बहुधा ऋणनिर्देश न करता, घेतलेल्या होत्या. जिन्नसांची वेगळी यादी देण्याची पद्धतही ॲक्टन यांनी १८४५ मध्ये वापरली होती. ती यादी कृतीच्या आधी आणण्याचा बदल बीटन यांच्या ग्रंथात झाला. मोठी गाजरे सव्वादोन तासांपर्यंत आणि मॅकरोनी दीड तासाहून अधिक उकळण्याच्या सूचनांवरही पुढे टीका झाली. विखुरलेली माहिती पारखून एका शिस्तीत आणणे हे त्यांचे मुख्य काम होते. म्हणून त्यांना पाककलानिपुण लेखिकेपेक्षा कुशल संपादिका मानणे अधिक योग्य ठरते.

अखेरचा काळ

दुसरा मुलगा ३१ डिसेंबर १८६२ रोजी तीन वर्षांचा असताना वारला. बरोबर एक वर्षाने, ३१ डिसेंबर १८६३ रोजी, तिसऱ्या मुलाचा जन्म झाला. या काळातही इझाबेला यांचे लेखन थांबले नाही. मूळ ग्रंथावरून दैनंदिन स्वयंपाकाचा एक स्वस्त कोश त्या तयार करीत होत्या. त्याची मुद्रिते तपासत असतानाच २९ जानेवारी १८६५ रोजी त्यांना प्रसूतिवेदना सुरू झाल्या. चौथा मुलगा सुखरूप जन्मला; मात्र सूतिकाज्वराने आठवड्याभरात त्यांचा मृत्यू झाला. लंडनमधील वेस्ट नॉरवुड दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. धाकटी दोन्ही मुले पुढे मोठी झाली.

वारसा

१८६६ मधील बँकांच्या आर्थिक अरिष्टात सॅम्युएल कर्जबाजारी झाले आणि ग्रंथाचे हक्क दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. नव्या प्रकाशकांनी इझाबेला यांच्या निधनाची वाच्यता न करता त्यांच्या नावाने नवनव्या आवृत्त्या काढल्या. १८६८ पर्यंत सुमारे २० लाख प्रती खपल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथाची पृष्ठसंख्या दोन हजारांवर गेली. आवृत्तीगणिक मजकूर बदलत राहिल्याने मूळ ग्रंथातील थोडेच शिल्लक उरले, पण मिसेस बीटन हे नाव घरगुती स्वयंपाकातील अधिकारवाणीचे प्रतीक म्हणून रूढ झाले. पुढे चरित्रकारांनी त्यांच्या जीवनाचा शोध घेतला, तेव्हा या नावामागील तरुण संपादिकेची आणि तिच्या अल्पायुष्याची ओळख वाचकांना झाली.